विहिणीच्या गावची नदी

मी त्या गावी कधीच गेले नाही. तरी त्याच्यावर इतकी वर्षं जळले आहे, की वाट विचारलीत तर घरबसल्या सांगेन. दगडी पूल, त्याखाली हिरवट संथ नदी, काठावर चेरीचं झाड आणि झाडाखाली खुर्ची टाकून बसलेली माझी विहीण.

आमची सून फ्रान्सची. जूनची सुट्टी लागली की ती लेकीला घेऊन माहेरी जायची. नात परत यायची ती रापलेली, गुडघे फुटलेली, आणि तोंडी एकच धोशा, "आजी, तिथे नदीत पोहता येतं!" मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या ब्लॉकखालून कालवा जातो. एकदा पाव-चीज बांधून तिला तिथे नेलं आणि म्हटलं, "ही बघ आपली नदी!" पोरीने आधी काँक्रीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली, "आजी, दिस इज ड्रेन लाह."

जून विहिणीचा, डिसेंबर माझा, अशी वाटणी मी मनातल्या मनात केली होती. विहिणीला कुणी सांगितलं नव्हतं, हा तिचा दोष. एका वर्षी नातीने आल्या आल्या जाहीर केलं, की डिसेंबरातही तिकडेच जायचंय. पुलावर दिवे लावतात म्हणे.

झालं! पोर आपणहून असं बोलणार नाही, हिला दृष्टच लागली, हे मी ओळखलं. तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, तिला पाटावर बसवलं आणि ओवाळू लागले. "आल्यागेल्याची, शेजारणी-पाजारणीची..." इथवर ठीक होतं. पुढे जीभ वळवळली. "...त्या नदीकाठच्या म्हातारीची!"

मिरच्या गॅसवर टाकल्या. ठसका नाही, खोकला नाही. मी विजयाने वळले, "बघितलंस? केवढी जबर दृष्ट!"

मागे सून उभी. तिने आल्या आल्या चिमणी फुल्ल चालू केली होती. दहा वर्षांत मराठी नको तेवढं शिकलेली.

"आई, माझ्या आईची दृष्ट काढताय?"

मी मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावत राहिले.

"आणि ती तिकडे काय करते माहितीये?" सून म्हणाली. "रोज फोनवर मला विचारते, 'ती दुसरी आजी पोरीला काय खायला घालते?' 'नात एक महिना माझ्याकडे, अकरा महिने तिच्याकडे,' म्हणून रडते."

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण मला जे बरं वाटलं, ते काय सांगू! म्हणजे तीही जळते? आणि अकरा महिने जळते?

मग मी डिसेंबर देऊन टाकला. मोठं मन वगैरे काही नाही हं. निघताना नातीच्या बॅगेत बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि तिच्या कानात सांगितलं, "त्या आजीच्या समोर बसून खायचे. आणि एकेक लाडू अगदी सावकाश."