मिटल्या डोळ्यांची नर्स

गुडघ्यांना शेक घ्यायला मी महिनाभर दिग्रसहून यवतमाळला एसटीने जात होते. शेजारी रोज एक तरुण नर्स बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती माझ्या दंडाला रुमाल बांधायची, डोळे घट्ट मिटायची आणि बोटाने शीर शोधायची.

"कायले वं हा आंधळेपणा?"

"आफ्रिकेत चालली ना मी, आजी, खेड्यातल्या दवाखान्यात सेवा कराले. तिथं लाईटचा भरोसा नाही. लेकरू तापानं फणफणलं, तर उजाडाची वाट पाहू काय?"

मीही नर्सच. तरुणपणी बिनविजेच्या झरी जामणीत नेमणूक झाली, तर आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, कंदील पाहूनच रडल्या आणि आठव्या दिवशी बाबांना पुढे घालून बदली मागायला गेल्या!

गाडीतल्या इतरांच्या शिरा तिला सापडत. माझी म्हातारी शीर मात्र रोज हुलकावणी द्यायची. तिच्या या प्रवासाच्या शेवटच्या दिवशी, गाडी खड्ड्यांत आदळत असताना, तिचं बोट थांबलं. "हे पाहा, इथं." तिने डोळे उघडले. शीर बरोबर बोटाखाली होती.

"जाय आता बिनघोर," मी म्हटलं. "याहून अवघड हात तुले तिथं भेटत नाही."

तिने रुमाल सोडला.

"यवतमाळ अजून लांब हाये, आजी. दुसरा हात द्या."