जमीनदाराला ‘तू’ म्हणणारी सुईण

इंग्लंडमधल्या वेस्टमोरलंडच्या डोंगरात १६६१ सालचं गवत कापणं ऐन भरात होतं. तेवढ्यात जमीनदार हॉथ्वेटांचा मोतद्दार घोडा फेकत शेतात घुसला.

“जेनेट! धाकट्या बाईसाहेब अडल्यात! केंडलच्या सुइणीनं हात टेकले!”

जेनेट एअरीने विळा टाकला आणि मोतद्दाराच्या मागे घोड्यावर टांग मारली. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातची. पण वर्षापूर्वी ती क्वेकर झाली, देवापुढे सगळी माणसं सारखी मानणाऱ्या पंथात गेली. तेव्हापासून कुणापुढे वाकणं नाही, ‘साहेब’ नाही, लहानथोर सगळ्यांना सरसकट ‘तू’. म्हणून म्हाताऱ्या हॉथ्वेटने तिला वाड्याची बंदी केली होती.

आताही तो दारातच आडवा उभा होता.

“आधी वाक. आणि ‘तुम्ही’ म्हण.”

“रॉजर, बाजूला हो. तुझी सून मरतेय.”

“माझ्याच दारात मला ‘तू’?”

“देवालाही मी ‘तू’च म्हणते. त्याला नाही राग येत!”

एवढ्यात माडीवरून सुनेची, लेटिसची, किंकाळी आली. “मामंजी, सोडा तिला! मला टवळी म्हणाली तरी चालेल!”

म्हातारा सरकला. जेनेट दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पोचली. मूल पायाळू होतं. तिने बाह्या सरसावल्या.

“लेटिस, माझ्याकडे बघ. आता कळ दे! अजून! शाब्बास, माझी वाघीण!”

पोर आली ती निळी, गप्प. जेनेटने तोंडातला चिकटा काढला, पाठ खसाखसा चोळली. एक श्वास, दोन... आणि पोरीने असा टाहो फोडला, की खाली स्वयंपाकीण नाचायलाच लागली.

“ओरड, तू ओरड गं!” जेनेट हसत होती, रडत होती. म्हातारा उंबऱ्यात आला, तशी तिने पोर त्याच्या हातात दिली. “घे रॉजर, तुझी नात.”

“तिलाही ‘तू’, मलाही ‘तू’,” तो पुटपुटला. “आमच्यात फरकच नाही का काही?”

“आहे की. तुला दात आहेत.”

लेटिस खुदकन हसली. म्हाताऱ्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही.

त्या हिवाळ्यात कोर्टात राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून जेनेटने दोन महिने तुरुंगात काढले. नेहमीच खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला, हे तिने न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणूनच ऐकवलं. पण लेटिसची पुढची तिन्ही बाळंतपणं तिनेच केली, आणि बोलवायला म्हातारा स्वतः घोडा घेऊन यायचा.