दाजींची चकती

आमचे दाजी शर्टाच्या खिशात पेन ठेवत नसत, पत्र्याच्या चकत्या ठेवत. त्या चकत्यांच्या कडांनी शर्टाचा खिसा तळातून फाटायचा आणि माझी थोरली बहीण, अक्का, तो शिवत बसायची. कुपवाडला एमआयडीसीत त्यांचं गॅरेज होतं. ट्रक कशासाठीही येवो, अगदी ब्रेक लागत नाही म्हणून का येईना, बाहेर पडताना त्याच्या इंजिनात दाजींची एक चकती बसलेली असायची.

डिझेल इंजिनात ईजीआर नावाची सोय असते. निघालेल्या धुरातला थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडायचा, म्हणजे आतली आच उतरते आणि हवेत विष कमी जातं. त्यानं नळ्यांत काजळी धरते, ती साफ करावी लागते. पण साफसफाई हा दाजींचा प्रांत नव्हता. ते नळीच्या तोंडाशी चकती घालून रस्ताच बंद करायचे. "माणूस वकल्यालं परत खातो व्हय? मग इंजिनानं का खावं?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते ऐकून गाडीवाले माना डोलवायचे, कारण जुन्या गाड्यांत ते खपून जायचं आणि गाडी लय हलकी पळते असं ड्रायव्हरला वाटायचं. धुराचं काय होतं याची पंचाईत ना गाडीवाल्याला होती, ना दाजींना.

चकत्यांचा पत्रा कुठून यायचा, तर अक्काच्या मांडणीवरून. लग्नात आहेर आलेली स्टीलची ताटं दाजींनी एकेक करून कातरली. आमच्या चुलत्यांनी नाव कोरून दिलेलं ताट असंच गेलं. 'सप्रेम भेट' एवढी अक्षरं पोटात घेऊन एखादा ट्रक अजूनही कर्नाटकात हिंडत असेल. अक्कानं विचारलं तर म्हणाले, "आगं, ताटाचं सोनं झालं."

चुकणं ही गोष्ट त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरांसाठी राखून ठेवली होती. गाडी तापून परत आली, तर डिझेल भेसळीचं. नाहीतर ड्रायव्हरचा पाय जड. दोन्ही नसलं तर मालकानं गाडी अमावस्येला आणली होती. असा कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मेहुणा असल्यामुळे मला ते तोंडावर बोलताही येत नव्हतं.

मी लोणंदचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकून शेवटी स्वतःचा नवा कोरा ट्रक घेतला. घरदार त्याच्यावर. इंजिनाला काही झालं तर कंपनीची वॉरंटी, एवढाच काय तो आधार होता आणि बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की ती संपत होती. म्हणून पेढे द्यायला गेलो तेव्हाच दाजींना बजावलं, "दाजी, ही नवी गाडी हाय. हिच्यात सेन्सर असत्यात. हिला हात लावायचा न्हाई."

"आवं पाव्हणं, सेन्सरला काय डोळं असत्यात?" दाजी हसले.

भाऊबीजेला सांगलीची हळद पुण्याला न्यायची होती. भरलेली गाडी दारात लावली आणि ओवाळून घ्यायला आत गेलो. अक्कानं पुरणपोळीचं ताट वाढलं. दाजी पंगतीला नव्हते, मला वाटलं अंघोळीला गेले असतील. जेवून बाहेर आलो तर हात पुसत, नव्या जावयासारखे लाजत उभे. म्हणाले, "तुमी अक्काला ओवाळणी घातली. मग आमी तुमाला मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं?"

मला वाटलं, टोपी-उपरणं आणलं असेल. दाजींनी बॉनेटकडे बोट केलं नाही, म्हणून मलाही कळलं नाही.

उंब्रजच्या पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालू लागला. सेन्सरला डोळे होते. मी फोनवर दाजींना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मोटारसायकल हाणत आले, रस्त्याच्या कडेला गाडीखाली शिरले आणि त्यांनी चकती काढली. माझ्या माहितीत स्वतः बसवलेली चकती त्यांनी तेवढी एकच काढली. दिवा मात्र जाईना. रखडत रखडत कंपनीच्या सातारच्या वर्कशॉपात पोचलो. दाजी मागोमाग आले.

तिथल्या सुपरवायझरनं संगणक लावला, पाना फिरल्याच्या खुणा पाहिल्या आणि मला विचारलं, "बाहेर कोणी खोललंय?" मी तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले.

"मी. कुपवाडचा मिस्त्री हाय मी. गाडीवाल्यानं नको म्हणून सांगितल्यालं. चोरून बसवली. माजं चुकलं, सायब. त्येंची वॉरंटी मोडू नगा."

हात जोडले होते त्यांनी. एवढ्या वर्षांत मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तेव्हा अजिबात सहन झालं नाही. मी त्यांचे हात खाली ओढले. वॉरंटी वाचली नाही ती नाहीच. दिवा विझला, गाडी पुण्याला गेली.

त्यानंतर दाजींनी ट्रकला हात लावला नाही. गॅरेजात बसून राहायचे, गिऱ्हाईक आलं की शेजारचं गॅरेज दाखवायचे. "आता गाड्या लय शान्या झाल्या, पाव्हणं," एवढंच म्हणायचे. मी पुष्कळ डिवचलं, जुन्या गाड्या मुद्दाम पाठवल्या. त्यांनी तशाच परत लावून दिल्या. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

माझी गाडी आता वर्कशॉपातच जाते. भाऊबीजेला अक्का ताट वाढते, गाडी दारात उभी असते. तिला कोणी हात लावणार नाही, याची पक्की खात्री असते. त्या खात्रीनंच घास उतरत नाही.