घंटी वाजनी का?

"घंटी वाजनी का, नाना?"

आमच्या जळगावच्या ऑफिसातून नवा कोड क्लाऊडवर चढला, की आमच्याच टेबलावरचा, मूळचा धुळ्याकडचा भाऊ फोन लावून आधी हेच विचारायचा. पलीकडे असायचे नाना, यावलकडच्या पाड्यांवर फिरणाऱ्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. ते "वाजली, भाऊ" म्हणाले की मगच हा डबा उघडायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच.

आम्ही जाम चिडवायचो. "सासऱ्याला तरी इतके फोन करतोस का रे?"

"सासऱ्याच्या घरी कुणी अडलेलं नाही, गड्या."

बरोबरच होतं म्हणा त्याचं. केळीच्या ट्रकांचं, एका शाळेच्या फीचं आणि हे रुग्णवाहिकेचं, अशी आमची तीन अ‍ॅप्स. तिन्हींचा कोड एकाच रेपोत, म्हणजे एकाच कोठारात; निरोप आला की मोबाईलवर वाजणाऱ्या घंटीचा तुकडाही तिन्हींत एकच. एक बटण दाबलं की तिन्ही वर. "बठ्ठं एकाच चुलीवर शे," भाऊ म्हणायचा. "एक उतू गेलं तरी सगळ्यांची चूल विझते."

मग रावेरचे केळीवाले वैतागले. घंटीनं डोकं उठलं, बंद करा! आमचे मालक भाऊच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. घाईत भाऊनं ट्रकांची घंटी बंद केली, ती त्या सामाईक तुकड्यातच. कोड वर चढवून त्यानं नानांना फोन लावला. नाना दुसऱ्या फोनवर होते.

"जेवून घे रे, मग लाव," मालक म्हणाले. त्या दिवशी तो आधी जेवला.

तेवढ्यात एका पाड्यावरच्या आशाताईंनी अ‍ॅपवरून गाडी मागवली. बाळंतीण अडली होती. निरोप नानांच्या मोबाईलवर आला, पण आवाजच नाही. नाना गाडीत तयार बसलेले, मोबाईल खिशात. बाई गेली हो, पोटातलं लेकरूही गेलं.

भाऊला कुणी एका शब्दानं बोललं नाही. "शिव्या तरी द्या रे," म्हणाला, आणि नोकरी सोडून धुळ्याला निघून गेला. दवाखान्यानं रुग्णवाहिकेचं ते अ‍ॅपच बंद केलं.

परवा मेहरूण तलावावर नाना भेटले. बोलता बोलता त्यांना फोन आला.

"वाजली, भाऊ," नाना म्हणाले. "चांगली मोठ्यानं वाजली. जेव आता."

मी म्हटलं, "नाना, ते अ‍ॅप तर केव्हाच बंद झालं."

"मला ठाऊक नाही का?" नानांनी फोन खिशात टाकला. "रोज विचारतो. नाही म्हटलं तर जेवत नाही, त्याची बायको सांगते."