यानातला राघव

आत्या गेली तो बुधवार होता. सकाळी सहा वाजता तिने चहा मागितला. मी चहा घेऊन आले तेव्हा ती नव्हती. मी कप ओट्यावर ठेवला आणि भावाला उठवलं.

तेराव्याला आपटे काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कमलताईंवर दोन पानं लिही. तू शिकलेली आहेस. सगळं लिही. फक्त राघवचं तेवढं लिहू नकोस."

याला आता दोन महिने होत आले. मी मुळातच हळू लिहिते. आत्याचा जन्म, शिक्षण, मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेला भूगोल, असं एक पान लिहिते आणि दुसऱ्या दिवशी खोडून टाकते. कारण पेन टेकवलं की आत्याआधी राघवच आठवतो. तेव्हा आधी त्याचंच लिहून मोकळी होते. (अंकाच्या संपादक काकूच आहेत. पुढचं त्या बघतील.)

राघव हा आमच्या घरातला, नात्यातला किंवा झाशीतलाही कोणी नाही. तो एका अवकाशयानात राहायचा. तिथे त्याला मी ठेवला होता.

झालं असं. काचबिंदूने आत्याची नजर गेली, तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी तिला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवायचे. झाशीत मराठी बोलणारी घरं कमी आणि मराठी पुस्तकं त्याहून कमी, त्यामुळे ऐकायला आणखी दोघी येऊ लागल्या. एक आपटे काकू. त्यांच्या सासरी सात पिढ्या देवळाची पूजा होती, आणि गावातल्या मराठी माणसांची अब्रू सांभाळायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. दुसऱ्या शिंदे वहिनी, साताऱ्याच्या. त्यांचे यजमान बबीनाच्या छावणीत सुभेदार. वहिनी शनिवारी बड्या बाजारात खरेदीला येत आणि परतीच्या बसपर्यंत आमच्याकडे पिशवी टेकवत. शिवाय घरातली माझी भावजय वंदना. ती बेतवा नदीपलीकडच्या एरच गावची, माहेर पक्कं बुंदेली. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलताना दर चौथ्या शब्दाला ती बेतवा ओलांडून माहेरी जायची.

सगळ्या जणी मटार सोलत बसायच्या आणि मी वाचायचे. नियम एकच होता, आत्याचा. "छापलंय तसं वाच." एक ओळ गाळलेली तिला चालत नसे. शाळेत मुलींनी नदीची एक उपनदी गाळली तर ती अख्खी नदी पुन्हा काढायला लावायची.

त्या वर्षी ती म्हणाली, "सुलू, आता रडकं काही नको. सुना, सासवा, टीबी पुरे झाला. अवकाशातलं काहीतरी आण."

मला मनातून आनंदच झाला. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि विज्ञानकादंबऱ्या मी शोधून शोधून वाचते. त्याचं एक खासगी कारण होतं. पृथ्वीवरच्या कादंबरीत दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम असलं, तर दोघी काही शेवटच्या पानापर्यंत टिकत नाहीत. एक विहिरीत जाते, दुसरी लग्न करून इंदूरला. अवकाशात विहीर नसते आणि इंदूरही नसतं. तिथे मी दोघी जणींना शनीच्या चंद्रावर बाग लावून म्हाताऱ्या होताना वाचलं आहे. एका इंग्रजी कादंबरीतल्या यंत्रमानवाला आपण बाई की बुवा हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि यानातल्या कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, कारण कॉफी तो उत्तम करायचा. अशी पुस्तकं मी माझ्या खोलीत, दार लोटून वाचायचे. आणि रविवारी त्यातलं शैलाला सांगायचे.

शैला म्हणजे माझी मैत्रीण. आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अकरा वर्षं ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत होती, आणि अकरा वर्षं घरात तिला 'सुलभाची मैत्रीण' म्हणत होते. त्या शब्दात किती काय बसतं हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

पुण्याहून मागवलेल्या त्या कादंबरीच्या वेष्टनावर रॉकेट होतं. (नाव सांगत नाही. लेखिकेची माफी मागायची अजून राहिली आहे.) पहिली तीस पानं मी चाळली. मंगळाकडे निघालेलं यान, सहा जणी, बटाट्यांची लागवड. काही धोका दिसला नाही. शनिवारी बेधडक वाचायला बसले.

मोठ्याने वाचणाऱ्याचे डोळे तोंडाच्या दोन ओळी पुढे चालतात. एक्केचाळिसाव्या पानावर माझे डोळे पुढे गेले आणि तिथेच थांबले. कॅप्टन यमुनाने इंजिनिअर रेवतीचा हात हातात घेतला होता आणि ती म्हणणार होती, 'तू असलीस की मला पृथ्वीची आठवण येत नाही.'

खोलीत एकटी असते तर उशी छातीशी धरून वाचलं असतं. पण समोर काकू होत्या. काकूंचा पहिला प्रश्न पुस्तकाबद्दल आला असता. दुसरा रविवारबद्दल येणार, याबद्दल मला शंका नव्हती. आणि तो आत्यासमोर आला असता. मला आईबापांच्या मागे तिने वाढवलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे मी त्यानंतर बघू शकले नसते.

दोन ओळींत जेवढं सुचतं तेवढंच सुचलं. मी वाचलं, "यमुनाने राघवचा हात हातात घेतला."

मटार सोलायचे थांबले.

"हा कुठून आला?" आत्या म्हणाली.

"होता आधीपासून. झोपला होता."

"चाळीस पानं?"

"शीतनिद्रा, आत्या. गोठवून ठेवतात."

"पहिल्या पानावर तू सहा जणी वाचलंस."

"सहा जणी जाग्या होत्या."

आत्याने पुढची शेंग उचलली. काकू मात्र खुलल्या. "बरं झालं बाई. सहा बायका एकट्या इतक्या लांब, मला काळजीच वाटत होती. आडनाव काय त्याचं?"

"दिलेलं नाही."

"कोकणस्थ असणार," काकू म्हणाल्या, आणि राघवचं आमच्यात स्वागत झालं.

पण आता पंचाईत झाली. रेवतीला काढता येईना, कारण यान तीच चालवत होती. म्हणून कामाला रेवती आणि प्रेमाला राघव अशी मी वाटणी केली. पुढच्या शनिवारी शिंदे वहिनींनी नेमकं बोट ठेवलं.

"ताई, हा राघव काम काय करतो?"

"इंजिनिअर आहे."

"मग ती रेवती?"

"तीपण."

"दोन दोन इंजिनिअर, आणि पंप सकाळपासून बंद. परवा ती एकटी नट आवळत होती तेव्हा हा कुठं होता?"

"खिडकीत. यमुनाची वाट बघत."

"आमच्या ह्यांच्या हाताखाली द्या आठ दिवस," वहिनी म्हणाल्या. "सरळ होईल."

काकूंना त्याच्या कामाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना लग्न हवं होतं. "एकाच यानात किती दिवस असे राहणार? आधी लग्न लावा म्हणावं." पुस्तकात लग्न नव्हतं. तिथे दोघी एकमेकींना एक वचन देतात आणि बटाट्याला पाणी घालायला जातात, एवढंच. पण काकू दोन आठवडे मागे लागल्या, आणि तिसऱ्या शनिवारी मी उघडं पुस्तक समोर धरून, मनाने, यमुनाचं राघवशी लग्न लावलं. सुरुवात केली आणि मग मला आवरेना. अंतरपाट झाला, मंगलाष्टकं झाली, रेवतीला करवली केलं. (तिची कधीतरी क्षमा मागायला हवी.) काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"सुलू," आत्या म्हणाली, "यानात गुरुत्वाकर्षण नाही. अक्षता खाली कशा पडल्या?"

"पडल्या नाहीत. तरंगल्या."

"मग यंत्रात जातील. गोळा कोणी केल्या?"

"राघवने."

"चला," शिंदे वहिनी म्हणाल्या, "एक काम तरी केलं."

पुढच्या प्रकरणात यानाला बाहेरून भोक पडलं. दोरी बांधून बाहेर जायचं होतं. काम दुरुस्तीचं, म्हणजे रेवतीने जायला हवं. पण आत यमुना जिच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसली होती ती व्यक्ती बाहेर हवी, म्हणजे राघवही हवा. मी दोघांना एका दोरीला बांधून बाहेर काढलं. छापील पानावर दोरी तुटायला आली होती. आता कोणाला वाचवू आणि कोणाला नको हे मला सुचेना, म्हणून मी घसा बसल्याचं सांगून पुस्तक मिटलं.

"राघवला सोडून द्या ताई," वहिनी जाता जाता म्हणाल्या. "वजन कमी होईल."

सुदैवाने मला परीक्षेच्या ड्यूटीवर आठवडाभर गरौठ्याला पाठवलं. मी पुस्तक रजयांच्या ट्रंकेत तळाशी घातलं आणि घरात सांगितलं की बांधणीला दिलंय. त्याच आठवड्यात थंडी पडली आणि वंदनाने रजया काढल्या.

इथे माझी मोठी चूक झाली. वंदना मराठी नीट बोलत नाही म्हणून तिला वाचता येत नाही, असं मी धरून चालले होते. अहो, हिंदी शाळेत शिकलेली मुलगी! अक्षरं तीच, काना-मात्राही तेच. मी ग्रंथपाल असून ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

शनिवारी दुपारी मी गरौठ्याहून परतले, तर दारातच वंदनाचा आवाज ऐकू आला. रेडिओवर बातम्या देतात तशी, न थांबता, स्वच्छ वाचत होती. "दोरी ओढताना यमुनाच्या हाताची सालं निघाली. 'रेवती,' ती म्हणाली, 'परत ये. मला या यानात दुसरं कोणी नको.'"

"थांब," काकू म्हणाल्या. "राघवला म्हणाली असेल. नीट बघ."

"रेवतीच आहे, काकूजी. मी मागून पण बघितलं. एक्केचाळीस पानापासून रेवतीच आहे. राघव तो पूरी किताब में हैई नइयां."

"मला वाटलंच होतं," शिंदे वहिनी म्हणाल्या. "इतका आळशी माणूस छापेल कोण?"

"पण लग्न?" काकूंनी विचारलं.

"लग्न भी नइयां."

काकूंनी हातातली शेंग ताटात ठेवली. "मी त्या लग्नात रडले होते," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "ही बघा आली. सुलभा, तो राघव तू घातलास?"

"हो."

"कशाला? दोघी बायका होत्या तर तसं सांगायचं. आम्ही काय उठून गेलो असतो? आणि गेलो असतो तर गेलो असतो. तू एवढी कशाला घाबरलीस?"

हाच तो दुसरा प्रश्न. मी पिशवी हातात धरून उभी राहिले.

"तिला आधी चपला काढू द्या," आत्या म्हणाली. "सुलू, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लग्नाला तर तुला पाऊण तास लागला, आणि एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. अकरा वर्षं."

"अकरा वर्षं कुठली?" काकू म्हणाल्या. "राघवला येऊन दीड महिना झाला."

शिंदे वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. "काकू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मटार सोला."

आत्याने वंदनाला पुस्तक माझ्या हातात द्यायला सांगितलं. "एक्केचाळीस पानापासून," ती म्हणाली. "छापलंय तसं."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि वाचलं. 'तू असलीस की मला पृथ्वीची आठवण येत नाही.' ही ओळ मी तोपर्यंत मोठ्याने कधी उच्चारली नव्हती. आवाज दोनदा फाटला. आत्या मान हलवत ऐकत होती, एखादी मुलगी गंगेच्या सगळ्या उपनद्या न चुकता सांगत असावी तशी. वहिनींची बस चुकली, तरी त्या उठल्या नाहीत. रेवती शेवटी आत आली. शिंदे वहिनींनी टाळी वाजवली.

"आता शैलाला शनिवारी बोलवत जा," आत्या म्हणाली. "जेवून उठून जाते ती. हे तिलाही ऐकू दे."

शैला आली. मंगळावर अशी बटाट्याची लागवड होणं शक्य नाही म्हणून तिने पहिल्याच दिवशी लेखिकेशी भांडण काढलं, आणि काकू लेखिकेच्या बाजूने भांडल्या. काकूंना नक्की काय आणि कधी समजलं ते मला माहीत नाही. पण त्या संक्रांतीला त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं. आम्ही बिनलग्नाच्या, आमचा वाणाशी संबंध नव्हता. काकूंनी दोघींना तिळगूळ दिला आणि दोघींमध्ये मिळून चहाची एक गाळणी दिली.

"एकच देतेय," त्या म्हणाल्या. "एका घरात दोन कशाला?"

पुढच्या पाडव्याला शैला सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. आत्याने तिच्याबरोबर चार वर्षं भांडून घेतलं, मुख्यत्वे कुंड्यांना पाणी किती घालावं यावरून.

आत्याला जाऊन आता दोन महिने झाले. शनिवारी आम्ही सहा जणी बसायचो, आता पाच जणी बसतो, आणि शिंदे वहिनींच्या यजमानांची बदली झाली की चौघीच उरू. वाचते मीच. आत्याची खुर्ची खिडकीशी रिकामी असते, असं इथे लिहायला फार चांगलं दिसलं असतं. पण काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिच्यात काकू बसतात.