द्वादशीची लाँच

सुगंधाला नोकरीत कायम व्हायला एकच सही कमी होती, आणि ती इंद्रजीत साहेबांच्या पेनात अडकली होती.

पालघरच्या लेखापरीक्षण कार्यालयात तिला दोन वर्षं झाली. गाव सातपाटी. आई राहीबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि लेकीचं काम गिऱ्हाइकाला समजावते, "लोकांच्या चुका काढायचा पगार हाय तिला. घरी फुकट काढायची." कायम नाही झाली, तर पाटी उचलायला आईला दुसरं डोकं हवंच होतं.

यंदा तपासणी होती साखरखाडी बंदर प्राधिकरणाची. नाव केवढं! धक्का एक, लाँच एक, आणि रजिस्टरं मात्र एकवीस. चौथ्या दिवशी साडेबाराला जेवण झाल्यावर सुगंधानं लाँचचं रजिस्टर साहेबांपुढे सरकवलं.

"साहेब, आक्षेप आहे. वर्षभर रोज दुपारी तीन वाजता लाँच खाडीची खोली मोजायला गेलीय."

"वक्तशीर माणसं आहेत. कौतुक करा."

"चतुर्थीला तीनला भरती असते. द्वादशीला तीनला चिखल असतो. मग डिझेल कशात जाळलं?"

साहेब घाटावरचे. समुद्र त्यांनी पाहिला तोच बदलीच्या ऑर्डरनंतर. "हे कोणी सांगितलं?"

"तिथीची पाऊणपट करायची. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात."

"म्हणजे अहवालाला चंद्राचा दाखला जोडू?" साहेब हसले, मग हसायचे थांबले. "तुमच्या गोपनीय अहवालावर माझी सही व्हायचीय, सुगंधाबाई. 'आक्षेप नाही' लिहा. पाचला कागदांची पेटी बंद."

रजिस्टर लिहिणारा कारकून खंडेराव दारातच शहाळी घेऊन उभा होता. त्यानं सगळ्यात मोठं साहेबांना दिलं.

सुगंधानं 'आक्षेप' एवढं लिहिलं. पुढचा शब्द काही उतरेना. आईची पाटी डोळ्यांपुढे आली, वासासकट. मग ती गोड आवाजात म्हणाली, "लिहिते साहेब. फक्त प्रत्यक्ष पाहणीचा फोटो नाही आपल्याकडे. लाँचवर, तुमचा."

साहेबांनी केसांवरून हात फिरवला. "लाइफ जॅकेट कुठल्या रंगाचं आहे?"

धक्क्यावर लाँचचा तांडेल एकनाथ डोकं खाजवत होता. "साहेब, पानी उतरतंय. आज नको."

"रजिस्टरप्रमाणे तर रोज जाता!"

एकनाथनं खंडेरावाकडे पाहिलं. खंडेरावानं माडाकडे पाहिलं. नाही म्हणावं तर वर्षभराचं रजिस्टर खोटं पडतं. खंडेरावही बोटीत बसला.

आज कोणती तिथी, हे साहेबांनी विचारलं नाही. सुगंधानंही सांगितलं नाही.

दीडला लाँच खाडीच्या मध्यावर 'घुर्र' करून बसली. तीनला चहूकडे पाणी नव्हतंच. चिखलातल्या निवट्या, बोटभर मासळ्या, टणाटण उड्या मारत होत्या, आणि एक खेकडा सरकारी मालमत्तेवर चढत होता.

"आता?" साहेब.

"आता बसायचा," एकनाथनं विडी काढली. "पाच-साडेपाचला तरंगल."

"मी चालत जातो. हा काय धक्का!"

"साहेब, नका—"

साहेब उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. तिघांनी ओढून काढले तेव्हा साहेब आले, डावा बूट आला नाही.

साडेचारला साहेबांना भूक लागली. सुगंधाच्या डब्यात उरलेली चटणी-भाकरी होती. चटणी कसली, ते त्यांनी दोन घास झाल्यावर विचारलं.

"सुकटीची."

"माळकरी आहे मी!" ते ओरडले, आणि तिसरा घास घेतला.

खंडेराव रडकुंडीला आला होता. "साहेब, वाईट हेतू नव्हता हो. जेवण झालं की एक नोंद करायची, मग जरा डोळा लागतो. तीन वाजता कोणी त्रास देत नाही."

"डिझेल?"

खंडेरावानं पुन्हा माड शोधला. इथे माड नव्हता.

"लिहा," साहेब म्हणाले.

"काय लिहू साहेब?"

"आक्षेप! द्वादशी, वेळ, सगळं लिहा."

"आणि चंद्राचा दाखला?"

"फोटो जोडा." ते एका बुटाकडे बघत म्हणाले, "पायांचा."

महिन्याभरानं गोपनीय अहवालावर सही झाली. सुगंधा कायम झाली. शेऱ्याच्या रकान्यात साहेबांच्या अक्षरात दोनच वाक्यं होती: 'कर्मचारी हुशार आहे. हिच्यासोबत बोटीत बसू नये.'