अलोन आणि लोन्ली

लग्नानंतर मी हिंगणघाटला आले, तेव्हा माझं मॅट्रिक राहिलं होतं. हे तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. म्हणाले, "बाहेरून परीक्षा दे, मी शिकवतो." दुपारी शाळेतून आले की ओसरीवर सतरंजी टाकून बसायचे. तो तास माझा एकटीचा होता.

मग शेजारच्या किराणा दुकानदाराची विधवा सूनही शिकायला येऊ लागली. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. तिच्या सासऱ्यांनीच ह्यांना विचारलं होतं, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती. ती ह्यांना भाऊ म्हणायची आणि मला वहिनी. येताना कधी तिळाची चटणी आणायची. मला ती चटणीसुद्धा गोड लागेना.

एके दिवशी ह्यांनी दोन शब्द दिले, अलोन आणि लोन्ली. दोन्हींचा अर्थ आम्ही 'एकटा' असाच लिहिला होता. हे म्हणाले, "फरक सांगा."

मी घाईनं म्हटलं, "घरात कोणी नसलं की मी लोन्ली असते."

"ते अलोन. सोबत कोणी नाही, एवढंच त्यात आहे. लोन्लीमध्ये मनाला लागलेलं असतं. माणसं असूनही."

ती पाटीकडे बघत बोलली, "आमच्या घरी चौदा मान्सं हायेत, भाऊ. अलोन राहाले मले जागाच नाई. लोन्ली मंजे काय, ते मले सांगा लागत नाई."

हे गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इतकं चांगलं मलाही समजावता आलं नसतं."

माझ्या बोलण्यावर हे कधी असे गप्प झाले नव्हते. माझ्या फक्त चुका निघायच्या. त्या संध्याकाळी माझ्या दोन भाकरी करपल्या.

दुसऱ्या दिवशी हे यायच्या आत मी तिच्या दारात गेले. म्हटलं, "ह्यांना शाळेचं काम वाढलंय. आता शिकवणं जमायचं नाही."

"बरं, वहिनी," एवढंच ती म्हणाली.

ह्यांना मी सांगितलं, तिच्या सासऱ्यांनी मना केलं असावं. चार दिवस मी एकटी सतरंजीवर बसले. सुख वाटेल असं वाटलं होतं. पण ह्यांची नजर सारखी फाटकाकडे जायची आणि माझा जीव जास्तच जळायचा. पाचव्या दिवशी हे सासऱ्यांची समजूत घालायला थेट दुकानात गेले. म्हातारे म्हणाले, "मी कायले मना करू, मास्तर? निरोप तं तुमच्याच घरून आला."

घरी येऊन ह्यांनी चप्पल काढली, पाणी घेतलं आणि विचारलं, "का केलंस?"

मी खोटं बोलू शकले असते. पण तोंडातून निघालं, "तिचं तुम्ही ऐकता. माझं तपासता."

हे रागावले नाहीत. पायरीवर बसले. म्हणाले, "तपासतो खरं. पण तिला बोलवायला तूच जा."

मी गेले. ती सुपात तूर निवडत होती. मी म्हटलं, "निरोप माझा होता. ह्यांचा नव्हता."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून पदर झटकला. "येतो मी. पण आता तुमी मधात बसजा, वहिनी."

मी मधे बसले, परीक्षेपर्यंत. ती पहिल्याच खेपेला पास झाली, मी इंग्रजीत नापास. तिच्या हातावर साखर ठेवताना माझ्या पोटात दुखत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. पुढे तिला गिरडच्या शाळेत नोकरी लागली. पुढल्या वर्षी मीही इंग्रजीत पास झाले.

त्यानंतर तिचं पोस्टकार्ड आलं, इंग्रजीत, माझ्या नावानं. हे शाळेतून येईपर्यंत मी ते तीनदा वाचलं. एकही शब्द विचारावा लागला नाही.